वैऱ्याच्या घरात दिलेली भोळी राणी: हे पात्र कसं लिहावं

प्रश्न असा आहे. नागपूरच्या एका महाविद्यालयीन गटासाठी दोन अंकी नाटक लिहिलं जातंय. राज्य काल्पनिक, काळ साधारण सतराव्या शतकासारखा. दोन सरदार घराण्यांत तीन पिढ्यांचं वैर. तहाचं एक कलम म्हणून एका घरची सतरा वर्षांची लेक दुसऱ्या घरच्या तरुण राजाला दिली जाते. मुलगी मायाळू, सरळ, समोरच्याचं बोलणं खरं मानणारी. पहिलं वाचन झालं आणि मंडळी म्हणाली, "राणी भैताड वाटते." कोणी सुचवलं तिच्या हातात तलवार द्या, कोणी सुचवलं दुसऱ्या अंकात तिला सगळ्यांवर डाव उलटवू द्या. लेखिकेला हे दोन्ही पटत नाही, आणि वेगळं काय करावं ते सुचत नाही.

तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. ऐतिहासिक आणि इतिहासासारखी नाटकं बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या राणीच्या हातात तलवार देण्याचा सल्ला मी प्रत्येक तालमीत ऐकला आहे. तलवार दिलीत तर तुमची राणी जाते आणि तिच्या जागी कोणीतरी दुसरीच बाई येते. डाव उलटवणारी राणी केलीत तर नाटक असं सांगू लागतं की चांगुलपणा हा लहान मुलींचा आजार आहे, मोठं झालं की बरा होतो. तुम्हाला ते सांगायचं नाही. मग राणीला तसंच राहू द्या आणि तिच्या भोवतीचं घर नीट बांधा. ती भैताड वाटते त्याचं कारण तिच्या स्वभावात नाही, तुमच्या प्रवेशांच्या क्रमात आहे.

तुमच्या संहितेत दुसऱ्या प्रवेशात कारभारी आणि चुलत दीर कट रचतात. तिसऱ्या प्रवेशात तोच कारभारी राणीपुढे गोड बोलतो आणि ती त्याच्यावर विश्वास ठेवते. प्रेक्षकाला आधीच सगळं ठाऊक आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसल्या बसल्या तिच्यापेक्षा हुशार झालेला असतो. आता ती काहीही बोलली तरी बावळटच दिसणार. कटाचा प्रवेश उचलून तिसऱ्याच्या मागे टाका. आधी कारभाऱ्याला राणीपुढे येऊ द्या, त्याला खरोखर चांगलं बोलू द्या, तिच्या आईची आठवण काढू द्या, तिच्या माहेरच्या माणसांची चौकशी करू द्या. प्रेक्षकालाही तो माणूस आवडला पाहिजे. मग पुढच्या प्रवेशात कट उघडा. त्या वेळी प्रेक्षक तिला हसणार नाही, कारण तोही फसलेला असेल.

भोळ्या माणसाला बुद्धी कमी असते असं आपण धरून चालतो. राजवाड्यातल्या सुनेच्या बाबतीत तरी तसं नसतं. तिच्यापर्यंत पोचणारी खबर कमी असते, आणि जी पोचते ती कोणाच्या तरी हातातून गाळून येते. म्हणून लिहायला बसण्याआधी प्रत्येक प्रवेशासाठी तीन गोष्टी वहीत टिपून ठेवा: या क्षणी राणीला काय ठाऊक आहे, ते तिला कोणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे. एवढं केलंत की तिचे निर्णय आपोआप शहाण्या माणसाचे वाटू लागतील. हाताशी असलेल्या माहितीवर ते खरोखर शहाणेच असतील. देवडीवरचा पहारेकरी, माहेरून आंदणात आलेली दासी, सासरचा चिटणीस, देवघरातला पुजारी यांच्यातल्या प्रत्येकाकडे खबरीचा वेगळा तुकडा असतो. राणीला चिटणीसाचं पत्र मिळतं पण पहारेकऱ्याशी बोलायची मुभा नाही, एवढ्या एका गोष्टीवर अख्खा पहिला अंक उभा राहू शकतो.

एका जागी मात्र प्रेक्षकाला तिच्या पुढे ठेवा. एकदाच. तिच्याविषयी भीती वाटण्यासाठी ते लागतं. ती जागा पहिल्या अंकाच्या शेवटी असली तर मध्यंतरात लोक तिच्याबद्दल बोलत बाहेर पडतील.

ती विश्वास का ठेवते, हा पुढचा प्रश्न. "स्वभावच तसा" हे उत्तर रंगमंचावर चालत नाही. तिच्या माहेरात दिलेला शब्द पाळला जात असेल, म्हणून ती शब्दावर विश्वास ठेवते. तिच्या घरात बापाने एकदा शत्रूच्या जखमी माणसाला ओसरीवर ठेवून बरं केलं असेल आणि त्या माणसाने पुढे उपकार फेडले असतील. तिने पाहिलेलं जग असं आहे, आणि त्या जगात तिचं वागणं बरोबर आहे. सासरचं जग वेगळं आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

याला आपल्याच गावाच्या इतिहासात दाखला आहे. नागपुरात राजधानी असलेला देवगडचा गोंड राजा चांद सुलतान गेल्यावर त्याच्याच कुळातल्या वली शाहने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजींनी वली शाहचा पाडाव केला. राणीने त्यांना मुलासारखं मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला असं सांगतात. पुढे तिच्या दोन मुलांत, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह यांच्यात, तंटा झाला, बुऱ्हाण शाहने पुन्हा रघुजींनाच हाक मारली, आणि 1743 च्या सुमारास नागपूर भोसल्यांचं झालं. गोंड राजाचं नाव राहिलं, सत्ता गेली. रतनकुंवर मूर्ख होती असं कोणी म्हणणार नाही. तिच्यापुढे वली शाह होता, पदरात मुलं होती, आणि मदतीला येऊ शकेल असा बळकट माणूस एकच होता. तिने नात्याच्या शब्दावर राज्य टेकवलं. तुमच्या राणीचं असंच असू द्या: प्रत्येक वेळी तिच्यापुढे जे पर्याय आहेत त्यांत विश्वास ठेवणं हा सगळ्यात वाजवी पर्याय असला पाहिजे.

आता तुमच्या नाटकातली मला सगळ्यात मोठी वाटलेली उणीव. दुसरी मुलगी कुठे आहे?

दोन वैरी घराणी तहासाठी लग्न लावतात तेव्हा बऱ्याचदा साटंलोटं करतात. तुमची आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. येसूबाई शिर्क्यांच्या घरून भोसल्यांकडे आल्या, संभाजी महाराजांना दिल्या गेल्या. शिवाजी महाराजांची लेक राजकुंवर शिर्क्यांच्या घरी गेली, येसूबाईंचे भाऊ गणोजी यांना दिली गेली. पुढे वतनावरून शिर्के आणि संभाजी महाराज यांच्यात बिनसलं आणि गणोजी मोगलांकडे गेले. या दोन बायकांच्या जागी उभं राहून बघा. एकीचा नवरा छत्रपती, आणि भाऊ नवऱ्याच्या शत्रूच्या गोटात. दुसरीचा भाऊ छत्रपती, आणि नवरा भावाच्या शत्रूच्या गोटात. प्रत्येकीच्या वागण्याचे पडसाद दुसरीच्या घरात उमटणार. बखरकारांनी पुरुषांच्या हालचाली लिहिल्या, या दोघींच्या मनात काय चाललं होतं ते कोणी टिपलं नाही. नाटककाराची जागा तिथेच आहे.

तुमच्या राजाला एक बहीण द्या, आणि ती राणीच्या माहेरी सून म्हणून गेलेली दाखवा. तिला रंगमंचावर आणायची गरजही नाही. तिची पत्रं येऊ द्या. आता राणीच्या मायाळूपणाला एक बाजू मिळते. ती सासूची सेवा करते तेव्हा तिच्या मनात हेही असतं की तिकडे माझ्या आईने तिच्या लेकीला नीट वागवावं. ती नवऱ्याच्या घरातल्या कोणावर ओरडली तर त्याची खबर तिकडे जाईल आणि त्या मुलीचं जगणं अवघड होईल. असं झालं की तिचं गोड बोलणं हे ओलीस ठेवलेल्या दोन मुलींनी एकमेकींची घेतलेली काळजी होते. आणि ज्या दिवशी तिकडून पत्र येणं थांबतं, त्या दिवसापासून तुमचा दुसरा अंक सुरू होतो.

सासूबद्दलही एक सांगते. तुम्ही तिला खलनायिका केलंय. तिचा मुलगा किंवा दीर राणीच्या माहेरच्यांनी मारलेला असेल तर तिचा राग खरा आहे. असे राग असतातच. जाधव आणि भोसले यांची गोष्ट बघा. निजामशाहीत दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्यातून जाधव आणि भोसले एकमेकांवर चालून गेले, लखुजी जाधवांचा मुलगा दत्ताजी भोसल्यांच्या हातून पडला, मग लखुजींनी विठोजी भोसल्यांचा मुलगा संभाजी मारला आणि खुद्द आपल्या जावयावर, शहाजींवर वार केला, असं बखरींत येतं. सिंदखेडराजाची लेक जिजाबाई त्या वेळी भोसल्यांची सून होती. एका दिवसात तिचा भाऊ गेला, चुलत दीर गेला, आणि नवरा बापाच्या हातून जखमी झाला. त्या संध्याकाळी भोसल्यांच्या वाड्यात स्वयंपाक कोणी केला असेल, तिच्याकडे कोणी कसं बघितलं असेल, तिने कोणासाठी रडायचं? भोसल्यांकडची एखादी बाई तिला त्या दिवशी टोचून बोलली असेल तर मी तिला खलनायिका म्हणणार नाही. तुमच्या सासूला एवढं दुःख द्या. मग राणीने तिच्या जवळ जाणं हे धाडस होईल.

जिजाबाई भोळ्या नव्हत्या, आणि त्यांच्यावरून तुमची राणी बेतायची नाही. 1629 मध्ये दौलताबादेत लखुजी आणि त्यांचे मुलगे निजामशाहाच्या दरबारात मारले गेले, तेव्हा त्यांनी काय पचवलं असेल याला सीमा नाही. मी दाखला देते तो प्रसंगासाठी. एकाच दिवशी दोन्ही घरांचं सुतक पाळणारी सून, हा प्रसंग वैरी घराण्यांच्या नाटकाचा गाभा आहे, आणि तुमच्या संहितेत तो अजून नाही.

मायाळूपणाबद्दल लोकांची एक चुकीची समजूत आहे की राजकारणात त्याला जागा नसते. जागा असते, आणि ती फार नेमकी असते. युरोपातल्या राजांच्या दरबारात राणीने गुडघे टेकून दयेची याचना करणं हा जवळपास रिवाज होता. 1347 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सचं कॅले शहर अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतलं. शहरातल्या सहा प्रतिष्ठित नागरिकांनी गळ्यात दोर अडकवून शहराच्या किल्ल्या आणून द्याव्यात, अशी त्याची अट होती, आणि त्यांची डोकी उडवायचा हुकूमही त्याने दिला होता. गरोदर राणी फिलिपा त्याच्या पायाशी बसली आणि तिने त्यांचे प्राण मागून घेतले. इतिवृत्तकार फ्रॉइसारने हा प्रसंग लिहून ठेवलाय. त्यात राजाचा उर तिच्यासाठी भरून आला असेलही. पण राजाची सोय किती झाली तेही बघा. त्याला कठोर दिसायचं होतं, आणि सहा माणसं मारून नव्या शहराचा रोषही घ्यायचा नव्हता. राणीच्या पदराआडून त्याला हुकूम मागे घेता आला.

हे तुमच्या नाटकात आणा. पहिल्या अंकात राणी एका कैद्यासाठी राजाकडे गयावया करते आणि राजा माफी देतो. ती आनंदाने वेडी होते. तिला वाटतं आपल्या शब्दाला इथे वजन आहे, नवऱ्याचं मन आपल्यामुळे वितळलं. प्रेक्षकालाही तसंच वाटू द्या. दुसऱ्या अंकात ती तशीच याचना पुन्हा करते, या वेळी आपल्या भावासाठी, आणि राजा तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मग कळतं की पहिल्या वेळी त्या कैद्याला सोडायचंच होतं, तिने मागितलं म्हणून तो सुटला नव्हता. तिच्या दयेचा वापर झाला होता. हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का आहे. त्यानंतर ती काय करते त्यावर तुमचं नाटक ठरेल, आणि माझं मत विचाराल तर ती तिसऱ्या वेळीही मागते. आता तिला ठाऊक आहे की राजा कधी ऐकतो आणि कधी नाही, आणि तरी ती मागते, कारण मागणं तिच्या हातात आहे. त्या तिसऱ्या याचनेच्या वेळी तिला कोणी भैताड म्हणणार नाही.

राणीच्या हातात आणखी काय असतं, याचा तपशील लेखक टाळतात. त्यांना वाटतं राणी म्हणजे दागिने आणि अश्रू. मराठी राज्यांत राजघराण्यातल्या बायकांना चोळीबांगडीसाठी गावं नेमून दिलेली असत, त्या गावांचा वसूल त्यांचा. 1734 मध्ये पेशव्यांनी गौतमाबाई होळकरांच्या नावे खासगीची जहागीर दिली, आणि होळकरांच्या दौलतीत ही खासगी पुढेही राण्यांच्या ताब्यात राहिली. म्हणजे तुमच्या राणीकडे पैसा असू शकतो, एखादा स्वतःचा कारकून असू शकतो, एखादं गाव असू शकतं. मग तिचा मायाळूपणा हिशेबात उतरतो. दुष्काळात ती आपल्या चोळीबांगडीच्या गावाचा वसूल माफ करते. चांगलं केलं ना? पण शेजारच्या गावात राजाचा वसूल चालूच आहे. तिथली कुळं आपली गावं सोडून हिच्या गावात येतात. राजाचा फडणीस खवळतो. सासरच्या सरदारांना वाटतं हिच्या माहेरच्यांनी हे मुद्दाम घडवलंय, राज्य आतून पोखरायला. तिने एक माणुसकीचं काम केलं आणि तीन लोकांना त्यात कट दिसला. नाटकाला यापेक्षा चांगलं कारण मिळणार नाही, आणि यात तिची काही चूक नाही.

नवऱ्याबद्दल फार लिहीत नाही. तो बरा लिहिला गेलाय. फक्त त्याला पहिल्या अंकात तिच्यावर प्रेम करायला लावू नका, कुतूहल पुरेसं आहे.

भाषेकडे लक्ष द्या. सध्या दोन्ही घरची माणसं एकसारखी बोलतात. माहेरची बोली आणि सासरची बोली यांत फरक ठेवा. खूप नाही, एखाद-दोन शब्द, नमस्काराची पद्धत, हाक मारायची रीत. तिच्या माहेरी वडीलधाऱ्यांना "आबासाहेब" म्हणत असतील, इथे "दादासाहेब" म्हणतात. ती पहिल्या दिवशी सासऱ्यांना आपल्या सवयीने "आबासाहेब" म्हणते आणि सगळा वाडा गप्प होतो, कारण इथे ते नाव युद्धात मेलेल्या माणसाचं आहे. चूक अगदी साधी आहे, घाव खोल आहे. अशी एक चूक तिच्या भोळेपणाबद्दलच्या दहा संवादांचं काम करते. तिच्या तोंडी "मला राजकारण कळत नाही" असं वाक्य चार ठिकाणी आहे. चारही काढा. ज्याला खरंच कळत नसतं तो ते सांगत बसत नाही.

आणि तिला काहीतरी उत्तम येऊ द्या. तिला माणसांची नावं लक्षात राहतात असं धरा: मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याची मुलगी आजारी आहे, कोणत्या हुजऱ्याचा भाऊ लढाईत गेला, पागेतल्या कोणाचं लग्न ठरलंय. बाकी कोणालाच हे ठाऊक नसतं. तिला त्याचा उपयोग करायचा नसतो, तिला ते आपसूक आठवतं. दुसऱ्या अंकात वाड्यातून एखाद्या मुलाला बाहेर काढायची वेळ आली की तिला ज्या दहा माणसांची मदत लागेल ती सगळी तिला नावानिशी ठाऊक असतील, आणि ती सगळी तिचं ऐकतील. तिच्या चांगुलपणाचं फळ तुम्हाला दाखवायचं असेल तर ते इथे दाखवा.

आता थोडं नागपूरच्या प्रेक्षकाबद्दल, कारण तुमचा प्रयोग इथे होणार आहे. आपल्या गावाने राजघराण्यातल्या बायकांना लक्षात ठेवण्याचे दोन साचे पाडले आहेत. नागपूरचे राजे रघुजी भोसले दुसरे 1816 मध्ये गेले. त्यांचा मुलगा परसोजी दृष्टीने आणि शरीराने अधू. त्याच्या नावाने कारभार कोणी करायचा यावरून एका बाजूला रघुजींची राणी बाकाबाई आणि तिची माणसं, दुसऱ्या बाजूला पुतण्या आप्पासाहेब. त्याच वर्षी आप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. 1 फेब्रुवारी 1817 ला परसोजी अंथरुणात मेलेले सापडले, आणि खुनाचा ठपका पुढे आप्पासाहेबांवर आला. परसोजींची बायको काशीबाई सती गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब पदच्युत झाले, आणि लहान रघुजी तिसऱ्यांच्या नावाने बाकाबाई कारभार बघू लागली, वर इंग्रज रेसिडेंट.

एक चितेवर गेली, एक सांभाळून राहिली. काशीबाईला आपण सती म्हणून हात जोडतो. बाकाबाई इंग्रजांना मिळाली असा रोष लोकांच्या मनात राहिला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या मारबतीशी, म्हणजे मिरवून जाळायच्या पुतळ्याशी, तिचं नाव जोडलं गेलं. 1881 पासून ती मारबत निघतेय आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत गाव तिला जाळतं. मी लहानपणापासून ती मिरवणूक बघत आले आहे आणि तिचं मला प्रेम आहे, ती आपल्या गावाची ओळख आहे. पण नाटक लिहिणाऱ्याने हे ओळखलं पाहिजे की एका घरात, एकाच वर्षात, दोन बायकांसमोर दोन वाटा होत्या आणि गावाने एकीला जळाली म्हणून पूजलं, दुसरी जगली म्हणून जाळली. काशीबाई काय विचार करत होती, तिला कोणाचा धाक होता, तिला कोणी काय सांगितलं होतं, यातलं काहीही आपल्यापर्यंत आलेलं नाही. तुमची राणी त्या दोन साच्यांच्या मध्ये उभी करा. प्रेक्षक तिला सती किंवा फितूर यांतल्या एकात बसवायला बघेल, आणि तिने बसू नये.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, प्रयोग केलेत तर हे आणखी तीव्रतेने जाणवेल. वडसा, गडचिरोलीकडे भाऊबीजेनंतर शंकरपटाबरोबर (बैलांच्या शर्यतींबरोबर) रात्रभर नाटकं चालतात. तिथला प्रेक्षक पात्राशी थेट बोलतो. राणी कारभाऱ्यावर विश्वास ठेवायला लागली की मागून बाया ओरडतात, "नको ऐकू त्याचं, बाई!" त्या ओरडण्यात तिच्याबद्दल तुच्छता नसते. सासरी नवीन आलेल्या सुनेला आपण जसं बाजूला घेऊन सांगतो, तसं त्या सांगत असतात. त्या बायकांतली प्रत्येक जण कधी ना कधी परक्या घरात कोणाच्या तरी गोड बोलण्यावर विसंबलेली आहे. शहरातल्या प्रेक्षकाला हे लपवता येतं, म्हणून तो हसतो. तुमचं नाटक असं लिहा की शहरातल्या नाट्यगृहात बसलेल्या बाईलाही ओरडावंसं वाटलं पाहिजे.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलंय: तिला मारू का? नका मारू. ती मेली की सगळे सुटतात, राजा, सासू, प्रेक्षक, लेखिकासुद्धा. इंग्लंडच्या गुलाबांच्या युद्धात, म्हणजे गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांत झालेल्या लढ्यात, ॲन नेव्हिल नावाची मुलगी होती, वॉरिकच्या सरदाराची धाकटी लेक. बाप आधी यॉर्कच्या बाजूचा. मग 1470 मध्ये तो उलटला आणि लँकेस्टरला मिळाला, आणि नव्या दोस्तीची हमी म्हणून चौदा वर्षांच्या ॲनला त्या घराच्या राजपुत्राला दिली. एप्रिल 1471 मध्ये बाप बार्नेटच्या लढाईत पडला, मेमध्ये नवरा ट्यूक्सबरीला. पुढच्या वर्षी तिचं लग्न यॉर्कच्या घरातल्या रिचर्डशी झालं, जो दोन्ही लढायांत समोरच्या फळीत होता. 1483 मध्ये तो राजा झाला आणि ती राणी, 1484 मध्ये तिचा एकुलता एक मुलगा गेला, 1485 च्या मार्चमध्ये ती स्वतः गेली, आणि ऑगस्टमध्ये बॉसवर्थला रिचर्डही. तिशीही न गाठलेल्या बाईचं आयुष्य, आणि तिच्या मनाचा ठाव देणारा कागद जवळपास नाही. तिला वाचून मला नेहमी वाटतं, तिने या प्रत्येक घरात सकाळी उठून कोणाला काय म्हटलं असेल?

त्याउलट येसूबाई. 1689 मध्ये संभाजी महाराज गेले, रायगडाला वेढा पडला. राजारामांनी गड सोडून बाहेर पडावं म्हणजे राज्य राहील, असा सल्ला त्यांनी दिला आणि स्वतः लहान शाहूंना घेऊन मागे राहिल्या. गड पडला, मोगलांच्या कैदेत गेल्या, आणि सुटून परत आल्या त्या थेट 1719 मध्ये. तीस वर्षं. त्या काळात ज्या गणोजी शिर्क्यांमुळे माहेर शत्रूच्या गोटात गेलं होतं, त्याच गणोजींनी राजारामांना जिंजीच्या वेढ्यातून निसटायला मदत केली, वतनाच्या बदल्यात. बाजू बदलत राहिल्या, पुरुष इकडून तिकडे गेले, आणि ती बाई कैदेत का होईना, जगत राहिली, मुलगा वाढवत राहिली. तुमच्या राणीला असा शेवट द्या. तिच्या नवऱ्याचं घर आणि बापाचं घर तिच्यावरून पुन्हा तह करत असतील, आणि तिला या वेळी त्या खोलीत बसवलेलं असेल. तिला विचारलं जाईल, यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का? आता तिला सगळं ठाऊक आहे. तिचं उत्तर तुम्ही ठरवा.

पुढचं वाचन ठेवाल तेव्हा एक करा. राणी करणाऱ्या मुलीला पूर्ण संहिता देऊ नका. तिला फक्त तिचे प्रवेश द्या, आणि कटाचे प्रवेश वाचताना तिला खोलीबाहेर पाठवा. बाकीच्यांना वाचू द्या, मग तिला आत बोलवा. ती कारभाऱ्याशी बोलेल तेव्हा त्याच्या तोंडाकडे खरं काय ते शोधत बोलेल, आधीच ठाऊक असल्याचं तिला लपवावं लागणार नाही. मोठे डोळे करून निरागस दिसण्याचा अभिनय त्या दिवसापासून बंद होईल. दोन आठवडे असंच चालवा, मग पूर्ण संहिता तिच्या हातात ठेवा आणि ती काय म्हणते ते लिहून घ्या. राणीचा शेवटचा प्रवेश लिहिताना ते उपयोगी पडेल.